‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ : या इशाऱ्याचा अर्थ



सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले म्हणजे वाटेत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आपण या वसाहतीला ‘चिंचोळी एमआयडीसी’ म्हणतो. कापड, रसायने, मोटारींचे सुटे भाग असा नाना प्रकारचा माल येथून बाहेर पडतो. मालाची ये-जा ट्रकने होते व ती सर्वांना दिसते. परंतु मालाच्या मागेपुढे कागदांची जी ये-जा चालते, ती मात्र अलीकडे दिसेनाशी झाली आहे. जीएसटीचे विवरण, मालासोबतचे ई-वे बिल, बँकेतील भरणा, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, परगावच्या गिऱ्हाइकाची मागणी, ही सारी कामे आता कचेरीतील कारकून संगणकावर, ब्राउझर नावाच्या खिडकीतून करतो.

या खिडकीत मधूनच एक इशारा उमटतो. कधी पत्त्याच्या शेजारी ‘नॉट सिक्युअर’ एवढे दोनच शब्द असतात. कधी सगळे पान अडवून ‘तुमचे दळणवळण खासगी नाही’ अशा अर्थाची पाटी उभी राहते. अशा वेळी माणसे दोन प्रकारांनी वागतात. काही घाबरून यंत्रच बंद करतात. बाकीची, आणि यांचीच संख्या मोठी, पाटी न वाचता ‘पुढे चला’ हे बटण शोधून दाबतात. इशारा नेमका कशाविषयी आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. आजच्या व्याख्यानाचा हेतू तेवढाच आहे: इशारा काय सांगतो, काय सांगत नाही, आणि त्याचा मान राखण्याची जबाबदारी कोणाकोणावर येते, हे समजून घेणे.

तीन जुनी संकटे

विषय नवा वाटतो, पण त्याच्या मुळाशी असलेली संकटे फार जुनी आहेत. दूर असलेल्या माणसाशी व्यवहार करावयाचा म्हटला की ती येतातच. ती तीन आहेत.

पहिले संकट म्हणजे मजकूर वाटेत कोणी वाचणे. पोस्टकार्डावर लिहिलेला मजकूर पोस्टमनापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो. म्हणून खासगी गोष्ट आपण पाकिटात घालतो.

दुसरे संकट म्हणजे मजकूर वाटेत बदलला जाणे. याचे उदाहरण मराठी माणसाला सांगावयास नको. १७७३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असे होते, त्याचे कोणी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निर्णय इतिहासकारांवर सोपवू. परंतु ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायम झाला, यावरूनच या संकटाची धास्ती आपल्या मनात किती खोल आहे ते दिसते. एका अक्षराने माणसाचा जीव जातो. तर बँकेच्या खातेक्रमांकातील एका आकड्याने महिन्याचा पगार जाईल यात नवल ते काय?

तिसरे संकट म्हणजे समोरचा माणूस तोच नसणे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण पुढे एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. कित्येकांनी त्याला खरे मानले, कोकणात त्याने मोठी धामधूम उडवून दिली, आणि अखेर १७७६ साली तो पकडला जाऊन त्याला देहान्त शिक्षा झाली. चेहरा ओळखणारी माणसे हयात असताना तोतया इतकी वर्षे खपला. मग जेथे चेहराच नाही, फक्त पडद्यावरचे चित्र आहे, तेथे तोतया उभा करणे किती सोपे असेल याचा विचार करा. बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान बनविणे हे एका दुपारचे काम आहे.

चोरून वाचणे, ‘ध चा मा’ आणि तोतया, या तिहींविरुद्ध जी व्यवस्था केली आहे, ती कोठेतरी अपुरी पडली किंवा मुळातच नाही, एवढेच ब्राउझर आपल्या इशाऱ्यातून सांगत असतो.

उघडा रस्ता आणि झाकलेला रस्ता

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत माहितीच्या या जाळ्याची कल्पना मांडली आणि ते उभे केले. त्यांचा हेतू शास्त्रज्ञांनी एकमेकांचे लेख वाचावेत हा होता. तेथे लपविण्यासारखे काही नव्हते. म्हणून त्यांनी ठरविलेली ‘एचटीटीपी’ ही देवघेवीची रीत पोस्टकार्डासारखी उघडी होती. आपण चिंचोळीतून एखादे पान मागविले तर ती मागणी कारखान्यातील वाय-फायच्या डबीतून, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रांतून, पुढे आणखी कितीतरी यंत्रांतून जाते. यांपैकी कोणत्याही ठिकाणी बसलेल्या माणसाला ती वाचता येते आणि बदलताही येते.

पुढे या जाळ्यावर दुकाने आणि बँका आल्या, तेव्हा पोस्टकार्ड पुरेना. नेटस्केप या कंपनीने १९९५ साली मजकूर सांकेतिक लिपीत नेण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९९ पासून तिची सुधारलेली आवृत्ती ‘टीएलएस’ या नावाने चालते. या रीतीने झाकलेल्या रस्त्याचे नाव ‘एचटीटीपीएस’. शेवटचा ‘एस’ हा ‘सिक्युअर’ या शब्दाचा.

येथे कोणी शंका विचारील की, सांकेतिक लिपी वापरावयाची तर तिची किल्ली दोघांनाही आधी ठाऊक हवी. सोलापूरचा कारकून आणि मुंबईतील बँकेचा संगणक कधी भेटलेच नाहीत, तर किल्ली ठरली केव्हा? ही शंका अगदी रास्त आहे. शतकानुशतके सगळे हेरखाते याच अडचणीपाशी थांबत होते. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले की, भरचौकात सर्वांच्या देखत बोलूनही दोन माणसांना एक गुप्त संख्या ठरविता येते. ऐकणाऱ्यांना सगळे बोलणे ऐकू येऊनही ती संख्या काढता येत नाही. लगेच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी संख्याशास्त्राच्या आधारे अशी सही शोधून काढली की, ती करणे एकालाच शक्य, पण तपासणे सर्वांना शक्य.

तिचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. ५३ आणि ६७ यांचा गुणाकार शाळकरी मुलगाही करील: ३५५१. पण नुसते ३५५१ देऊन ‘हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार?’ असे विचारले तर शिक्षकालाही कागद घ्यावा लागेल. प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकांची संख्या वापरतात. तिचे अवयव शोधणे आजच्या मोठ्यात मोठ्या संगणकांनाही साधलेले नाही.

साक्षीदार आणि त्याची मोहोर

रस्ता झाकला म्हणजे पहिली दोन संकटे टळली. वाटेत कोणी वाचू शकत नाही, आणि एक अक्षर बदलले तरी ते ताबडतोब कळते. पण तोतयाचे काय? रस्ता उत्तम झाकलेला आणि त्याच्या टोकाला तोतयाच बसलेला, असे झाले तर आपले गुपित आपणच सुरक्षितपणे चोराच्या हाती पोचविले, असे होईल.

यावर उपाय आपण रोजच्या व्यवहारात करतोच. अनोळखी माणसाच्या कागदावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही व शिक्का असला की आपण तो मानतो. माणसाला आपण ओळखत नसतो. शिक्का देणाऱ्याला ओळखतो. संगणकाच्या जगात असे शिक्के देणाऱ्या संस्था आहेत. त्या प्रत्येक संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र देतात. त्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची उघडी किल्ली, आरंभाची व समाप्तीची तारीख आणि देणाऱ्या संस्थेची सही असते. आपल्या ब्राउझरच्या पोटात अशा शंभराहून अधिक मूळ साक्षीदारांची यादी आधीच भरलेली असते. पान उघडताना ब्राउझर क्षणार्धात तपासतो: नाव जुळते काय? मुदत शिल्लक आहे काय? सही यादीतल्या साक्षीदाराची, निदान त्याने नेमलेल्याची आहे काय? तिन्हींना ‘होय’ असे उत्तर आले तर तो गप्प बसतो. एकाला ‘नाही’ आले की पाटी उभी राहते.

इशाऱ्यांचे प्रकार

आता इशाऱ्यांकडे वळू. त्यांचे तीन प्रकार आहेत. ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला सौम्य. पत्त्याशेजारी नुसते ‘नॉट सिक्युअर’. याचा अर्थ रस्ता उघडा आहे, पोस्टकार्डाचा आहे. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०१८ च्या जुलैपासून अशा प्रत्येक पानाशेजारी हे शब्द लिहावयास सुरुवात केली. ते स्थळ लबाडाचे आहे असा याचा अर्थ नाही. एखाद्या जुन्या ग्रंथालयाची पुस्तकयादी वाचावयाची असेल तर वाचावी. पण तेथे संकेतशब्द, खातेक्रमांक, आधार क्रमांक यांपैकी काहीही लिहू नये.

दुसरा प्रकार कडक. यात सगळे पान अडते. येथे झाकलेला रस्ता मागितला होता, पण प्रमाणपत्रात खोट निघाली. खोट कोणती, ते पाटीवर बारीक अक्षरांत असते व तेच वाचावयाचे असते. मुदत संपली असेल, तर बहुधा स्थळाच्या मालकाचा हलगर्जीपणा असतो. मात्र एक गोष्ट आधी पाहावी: आपल्या संगणकाची तारीख. जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपला की त्याचे घड्याळ वर्षानुवर्षे मागे जाते, आणि मग त्याला जगातील एकूण एक प्रमाणपत्रे चुकीची दिसू लागतात. सगळीकडेच इशारा येत असेल तर दोष आपल्या घड्याळाचा, हे ओळखावे.

नाव जुळत नसेल, तर सावध व्हावे. आपण एका दारावर थाप मारली आणि ओ दुसऱ्याने दिली. साक्षीदार अनोळखी असेल, तर जागा पाहावी. कारखान्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारी पेटी किंवा वाय-फायची डबी उघडताना हा इशारा हमखास येतो. कारण त्या पेटीने आपले प्रमाणपत्र आपणच लिहिलेले असते. पेटी आपल्याच भिंतीवर आहे, तार आपलीच आहे. तेथे जाणत्या माणसाला विचारून पुढे जाण्यास हरकत नाही. हाच इशारा बँकेच्या किंवा सरकारी भरण्याच्या पानावर आला, तर मात्र पुढे एक पाऊलही टाकू नये. जुन्या मोबाइलांचीही एक गंमत आहे. २०२१ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस एका मोठ्या मूळ साक्षीदाराचीच मुदत संपली; ज्या जुन्या यंत्रांत नव्या साक्षीदाराचे नाव नव्हते, त्यांत चांगल्या चांगल्या स्थळांवरही इशारे दिसू लागले.

तिसरा प्रकार लाल पानाचा. ‘पुढे फसवे स्थळ आहे’ अशा अर्थाची ही पाटी रस्त्याविषयी नसून खुद्द त्या ठिकाणाविषयी असते. फसवणुकीसाठी पकडल्या गेलेल्या स्थळांची यादी ब्राउझर बाळगतो. तीत हे नाव सापडले, असा तिचा अर्थ. येथे चर्चेला जागा नाही, परत फिरावे.

साक्षीदारच फितूर झाला तर?

सगळी इमारत साक्षीदारांच्या विश्वासावर उभी आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मग साक्षीदाराचीच मोहोर चोरीस गेली तर? असे घडले आहे, आणि त्यातील एक प्रसंग आपल्या देशातला आहे.

२०११ साली हॉलंडमधील डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीत चोर शिरले व त्यांनी गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे करून घेतली. ती इराणमधील लोकांचा पत्रव्यवहार वाचण्यासाठी वापरली गेली. हे उघडकीस कसे आले? त्या ऑगस्टमध्ये इराणमधील एका सामान्य माणसाच्या ब्राउझरवर आपली टपाल उघडताना इशारा आला. त्याने ‘पुढे चला’ दाबले नाही; हा काय प्रकार आहे, असे जाहीरपणे विचारले. त्या एका प्रश्नावरून धागा सुटत गेला. जगातील ब्राउझरांनी त्या कंपनीला यादीतून काढले आणि सप्टेंबरमध्ये तिचे दिवाळे निघाले.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये प्रमाणन प्राधिकाऱ्यांवर नियंत्रक नेमलेले आहेत. त्यांच्या अखत्यारीत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, हेही प्रमाणपत्रे देत असे. २०१४ च्या जुलैच्या २ तारखेस गूगलच्या लक्षात आले की, एनआयसीच्या सहीने गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीचे ते अधिकार रद्द केले. पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकांच्या शिक्क्यावरचा विश्वास काही ठरावीक भारतीय नावांपुरता मर्यादित केला. सरकारी शिक्का म्हणून त्याला वेगळी वागणूक मिळाली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे अशी व्यवस्थाही झाली की, निघालेल्या प्रमाणपत्रांची नोंद उघड्या वहीत व्हावी. २०१८ पासून क्रोम अशी नोंद नसलेली नवी प्रमाणपत्रे मानीत नाही.

कुलूप काय सांगत नाही

येथवर इशाऱ्याचा विचार झाला. इशारा नसणे याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पूर्वी झाकलेल्या रस्त्याच्या पानाशेजारी कुलपाचे चित्र दिसे, आणि ‘कुलूप पाहा व निर्धास्त व्हा’ असा उपदेश सगळीकडे केला जाई. तो अपुरा होता. कुलूप एवढेच सांगते की, पत्त्यात जे नाव लिहिले आहे त्याच नावाच्या स्थळाशी तुम्ही झाकल्या रस्त्याने बोलत आहात. ते नाव बँकेचे आहे की बँकेसारखे दिसणारे आहे, आणि त्यामागचा माणूस सज्जन आहे की नाही, हे सांगणे त्याच्या अधिकारात नाही. तोतयाही एका अक्षराचा फरक करून स्वतःच्या नावाने रीतसर प्रमाणपत्र घेऊ शकतो. लोकांचा हा गैरसमज पाहूनच क्रोमने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुलपाचे चित्र काढून टाकले.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते खरे असेल तर चादर सोलापूरची आहे, इतके कळते. दुकानदार तिची वाजवी किंमत सांगत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. कुलपाचे तसेच आहे.

शिवाय रस्ता सुरक्षित असला म्हणून घर सुरक्षित होत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये खुद्द महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला आणि कचेऱ्यांचे काम खोळंबले. असा हल्ला ब्राउझरच्या पाटीने थोपविता येत नाही. कारखानदारांना भेडसावणारी आणखी एक फसवणूक अशी की, ओळखीच्या व्यापाऱ्याच्याच टपालातून पत्र येते: ‘आमचे बँकखाते बदलले आहे, यापुढे रक्कम येथे पाठवावी.’ हा आजचा ‘ध चा मा’. येथे रस्ता झाकलेला, कुलूप शाबूत, इशारा एकही नाही. कारण चोर वाटेत नाही, त्या व्यापाऱ्याच्या टपालपेटीतच बसला आहे. यावर उपाय जुनाच: पत्रात दिलेल्या नव्हे, तर आपल्या वहीतील जुन्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री करणे.

आपण काय करावे

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बँकेचा पत्ता आलेल्या निरोपावर बोट दाबून उघडू नये. स्वतः लिहावा किंवा आधी जपून ठेवलेला वापरावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. पत्ता वाचताना त्याचा शेवट पाहण्याची सवय त्यामुळे उपयोगी पडेल. पैसे गेलेच, तर लाजून वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक असते.

परंतु सगळा भार वाचणाऱ्या कारकुनावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि दोष त्या पोराला देतो, धावून न आलेल्या गावकऱ्यांना नाही. ज्या कारखान्याच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा नगरपालिकेच्या पानावर महिनोन्महिने मुदत संपल्याचा इशारा झळकतो, आणि विचारल्यास ‘त्याकडे लक्ष देऊ नका, पुढे दाबा’ असे सांगितले जाते, ती संस्था तेच करीत असते. तिच्या पानावर कदाचित कोणाचे नुकसान होणार नाही. पण पाटी न वाचता पुढे जाण्याची जी सवय ती लोकांना लावते, तिची किंमत तोच माणूस दुसऱ्या दिवशी तोतयाच्या दारात मोजतो.

याला पैशाची सबब आता उरलेली नाही. २०१५ च्या अखेरीपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही लोकहितार्थ चालणारी संस्था प्रमाणपत्रे फुकट देत आली आहे, आणि त्यांचे नूतनीकरण यंत्राकडूनच करवून घेता येते. ती सोय करून घेणे आता आवश्यकही होत आहे. कारण प्रमाणपत्राची मुदत टप्प्याटप्प्याने कमी करून २०२९ च्या मार्चपासून ती जास्तीत जास्त ४७ दिवसांवर आणावयाची, असे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व ब्राउझरवाले यांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरविले आहे. वर्षातून एकदा आठवण ठेवून करावयाचे काम जेथे राहून जाते, तेथे ते हाताने आठ वेळा होईल अशी आशा करू नये.

म्हणून चिंचोळीतील ज्या कारखानदारांची स्वतःची पाने आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या पानाचा पत्ता एकदा परक्याच्या यंत्रावर उघडून पाहावा. तेथे इशारा दिसला, तर ज्याने पान बनवून दिले त्याला गाठून तो दूर करवून घ्यावा. आणि आपल्या कचेरीतील कारकुनाने इशारा आला म्हणून काम थांबवून विचारले, तर ‘वेळ घालवू नकोस’ असे त्याला म्हणू नये. इराणमधील त्या माणसाने असेच थांबून विचारले होते.